पाखडलेलं बी

मुलीकडे गेल्यावर हातावर हात ठेवून बसायचं नाही, हा माझा जुना नियम. आयसेलिनच्या घरून निघताना चिवड्याच्या पुड्याबरोबर तोही मी बॅगेत भरतो. त्यापायी आजवर तिचा मिक्सर गेला, कुंड्या गेल्या, एकदा तर भिंतीचा रंग गेला.

हल्ली ती घरी सापडत नाही, कोलोरॅडोच्या डोंगरात सापडते. जंगलांचा अभ्यास करते. गेल्या शरदात तिच्या मागून धापा टाकत मी एका उतारावर पोचलो. काही वर्षांपूर्वी वणव्यात जळालेला उतार. काळे खुंट, राखाडी माती. वरच्या कडेला स्प्रूसच्या जुन्या सूचिपर्णी झाडांची रांग तेवढी वाचलेली.

"या झाडांचं बी वाऱ्यानं खाली आलं तरच इथे पुन्हा जंगल," ती म्हणाली. "पण ती दरवर्षी धरत नाहीत, बाबा."

"आंब्यासारखंच की. एक वर्ष बहर, एक वर्ष आराम."

"आंब्याचा अंदाज तरी येतो. यांच्या कळ्या आदल्या उन्हाळ्याच्या हवेवर ठरतात, आणि आता उन्हाळेच बदललेत. किती वर्षं वाट बघतोय, यार! यंदा कुठे बियांचे शंकू धरलेत."

शेंड्यांना खरोखरच घोस लोंबत होते. तिचा चेहरा निकालाच्या दिवशी व्हायचा तसा झाला होता.

ती झाडं बघायला वर गेली. मी खाली एकटा. उतारावर ठिकठिकाणी जाळीच्या तळाचे उथळ ट्रे मांडलेले. त्यांत सुईसारखी वाळकी पानं, धूळ, खडे आणि कसलासा भुसा. एवढी शिकलेली मुलगी आणि हा गबाळेपणा! मी पहिला ट्रे उचलला आणि आई सुपात तांदूळ पाखडायची तसा झकास पाखडला. भुसा उडाला, गिरक्या घेत काळ्या उतारावर पसरला.

"बाबा! व्हॉट आर यू डूइंग?"

"केर काढतोय. बघ कसा उडतोय!"

"ते बी आहे."

पंख असलेलं बी. ट्रे मांडले होते ते तेच झेलून मोजायला. मी ट्रे पोटाशी धरून उभा राहिलो.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. "वाऱ्याचंच काम केलंस," एवढं म्हणून ती पुढच्या ट्रेपाशी बसली. त्यातलं एक बी हातात घेऊन तिनं खिशातल्या चाकूच्या पातीनं चिरलं. आत काही नाही. दुसरं चिरलं. तेही तसंच. मग कितीतरी.

"पोचट," मी म्हणालो.

"पोचट म्हणजे?"

"वरून दाणा, आत रिकामा."

"पोचट," ती पुटपुटली, आणि चिरत राहिली. "वसंत लवकर तापला, मग कडाक्याची थंडी परत आली. पराग पोचलाच नसेल. नक्की कशानं, ते मलाही माहीत नाही."

वर घोस तसेच डुलत होते. त्यांच्याकडे आता बघवेना.

माझ्या ट्रेच्या तळाशी खड्यांत एक बी उरलं होतं. पाखडताना जड ते मागे राहतं. तिनं त्यावर पाती टेकवली.

"भरलेलं असेल?" मी विचारलं.

"चिरल्याशिवाय कळणार नाही. आणि चिरलं की उगवणार नाही."

ती थांबली. मग पाती मिटली. "हा ट्रे तसाही तू बाद केलास. मोजणीत धरता येणार नाही." तिनं ते बी राखेच्या मातीत बोटानं दाबलं.

मी लगेच पाण्याची बाटली काढली. तिनं माझा हात धरला.

"नको, बाबा. उद्या कोण घालणार?"

मी बाटली ठेवून दिली आणि काहीही न करता तिच्याशेजारी बसून राहिलो.