जावईबापूंची दाढी

दुकान मुलाच्या हाती गेलं आणि सलूनवाल्या काकांना घर खायला उठलं. मुलाने नव्या खुर्च्या आणल्या, भिंतभर आरसे लावले आणि बापाला गोड शब्दांत सांगितलं की आता आराम करा. तो आराम काकूंना सोसवेना. काका दिवसभर स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून कांदा कसा चिरायचा ते त्यांना शिकवत.

"हात शिवशिवतात ना? मग त्या निर्वासितांच्या निवाऱ्यात जा," काकू म्हणाल्या. "तिथे डोकी पुष्कळ आहेत. माझं एकटीचं खाऊ नका."

निवारा एका बंद पडलेल्या शाळेत होता. एक सेवाभावी संस्था तो चालवायची. सीमेपलीकडून जीव मुठीत धरून आलेली माणसं वर्गावर्गांतून राहत. काकांनी जिन्याखाली खुर्ची मांडली आणि फुकट दाढी-कटिंग सुरू केली.

तिथेच त्यांना जावईबापू भेटले. हे नाव काकांनीच पाडलेलं. दर बुधवारी नव्या लोकांची बस यायची. त्या सकाळी हे गृहस्थ इस्त्रीचा सदरा घालून, सासुरवाडीला निघाल्यासारखे, खुर्चीत हजर. आजारी बहिणीसाठी मागे राहिलेली त्यांची बायको कुठल्या तरी बसने येणार होती. काका आणि जावईबापू, दोघांना एकमेकांची भाषा ओ की ठो कळत नव्हती, पण मिशीवरून दोघे खुणांनी मनसोक्त भांडत.

एका बुधवारी निवाऱ्याची व्यवस्था पाहणाऱ्या संस्थेच्या ताईंनी काकांना बाजूला घेतलं. जावईबापूंची बायको वाटेतल्या एका छावणीत तापाने गेली होती. फोन नुकताच आला होता आणि दुभाषी मुलगी दुपारपर्यंत पोचणार होती.

"तोवर त्यांना काही कळू देऊ नका," ताई म्हणाल्या.

"मला त्यांची भाषा कुठे येते, ताई?"

"तोंडावरून कळतं, काका."

काका वळले तर जावईबापू खुर्चीत बसलेले. दुभाषी आपल्याला भेटायला येतेय, एवढं कुणीतरी त्यांना खुणेने सांगितलं होतं आणि त्याचा त्यांनी भलताच अर्थ लावला होता. चेहरा नुसता फुलला होता. काकांना वाटलं, हात दुखतोय म्हणावं आणि घरी निघून जावं. पण मग यांना संशय येईल. त्यांनी फेस केला, वस्तरा उचलला आणि आरशात बघायचं टाळत दाढी केली. मिशी अजून बारीक करा, अशी जावईबापूंनी खूण केली. आज काका भांडले नाहीत. उठताना जावईबापूंनी त्यांच्या गालावर हलकेच थोपटलं.

दुपारी दुभाषी मुलीने बातमी सांगितली. जावईबापू रडले नाहीत. त्यांनी मान वळवून दाराशी उभ्या काकांकडे पाहिलं. काकांची नजर खाली गेली आणि काकांना हे सकाळीच ठाऊक होतं, ते जावईबापूंना कळलं.

पुढच्या बुधवारी खुर्ची रिकामी राहिली. त्याच्या पुढच्याही. काकांचं जेवणातलं लक्ष उडालं. शेवटी काकूच म्हणाल्या, "जाऊन भेटा एकदा. बोलतील ते ऐकून घ्या."

काका दुभाषी मुलीला घेऊन त्यांच्या वर्गात गेले. खाटेवर बसलेल्या जावईबापूंची दाढी वाढली होती.

"माझी चूक झाली," काका म्हणाले.

जावईबापू काहीतरी बोलले. मुलीने अडखळत सांगितलं, "ते म्हणतात, माझ्या बायकोचं माझ्याआधी तुम्हाला कळायला नको होतं."

"खरं आहे," काका म्हणाले. ते तसेच उभे राहिले. मग जावईबापू खाटेवर थोडे सरकले आणि काका शेजारी बसले.

त्यानंतर काम आटोपलं की काका तिथे जात. जावईबापू खुणांनी बायकोबद्दल सांगत. ती त्यांच्या खांद्याला लागायची, झोपेत बडबडायची, रागावली की भांडी आपटायची. काका मान डोलवत. थंडी सरता सरता दूरच्या शहरातल्या पुतण्याने जावईबापूंना नेलं. दाढी त्यांनी शेवटपर्यंत करू दिली नाही. निघताना त्यांनी काकांचा हात दोन्ही हातांत धरला, पण त्यांच्याकडे पाहिलं नाही.

त्या दिवशी काका लवकर घरी आले. काकूंनी पाणी पुढे केलं आणि चिरायचा कांदा त्यांच्यापुढे सरकवला.