बेर्टलनं चालून पाहिलेले उतार

बेर्टलला स्कीइंग येत नाही. हे मी आधीच सांगून टाकतो, कारण आमच्या गावात दुसरं कोणी सांगणार नाही. गावाच्या बँडमध्ये तो मोठा ढोल वाजवतो, एरवी शाळेची बस चालवतो. आणि बँडच्या अडतीस माणसांनी जानेवारीत कुठल्या डोंगरावर स्कीइंगला जायचं, हे गेली चौदा वर्षं हा माणूस ठरवतोय. ज्यानं जन्मात पायाला स्की बांधली नाही, तो!

आणि मी कोण? मी फ्रीडल. लोकांच्या घरांवर छपरं घालतो, बँडमध्ये ट्रम्पेट वाजवतो, आणि सहा वर्षांचा असल्यापासून स्कीवर उभा आहे. जिल्ह्याच्या शर्यतीत तिसरा आलो होतो. तो कप अजून आमच्या बैठकीत आहे. चौदा वर्षांपूर्वीपर्यंत सहलीची जागा मीच ठरवायचो. तेव्हा आम्ही खऱ्या डोंगरांवर जायचो. हां, आता अडतीसांतले नऊच जण वर यायचे आणि बाकीचे खाली खानावळीत पत्ते कुटत बसायचे, हे खरं. पण ते त्यांचं बघून घेतील, असं मला वाटायचं. माझी बायको ट्राउडी तर यायचीच बंद झाली होती. "तुम्ही जा, मला घरी कामं आहेत," म्हणायची.

मग एका वर्षी बँडचे अध्यक्ष म्हणाले, यंदा बेर्टलला ठरवू दे, नाहीतरी बस तोच चालवतो. आणि त्या वर्षी ट्राउडी आली. मी दहा वर्षं विनवलं तेव्हा आली नाही, ढोलवाल्यानं एक फाटका नकाशा दाखवला तर आली. तेव्हापासून माझ्या पोटात जे दुखायला लागलं, ते काही थांबलं नाही.

माणूस दिसायला म्हणाल तर काहीच नाही. बुटका, पोट सुटलेलं, बारा महिने तेच करडं लोकरी जाकीट. लग्न केलं नाही. आई अंथरुणाला खिळून होती तोवर तिचं सगळं केलं, ती गेल्यावर कोंबड्या पाळल्या. बोलतोही इतका कमी की समोरच्याला वाटावं, आपणच फार बोललो.

त्याची निवडायची तऱ्हा ऐका. ऑक्टोबरात, बर्फ पडायच्या आधी, रोपवे बंद असताना हा मनात असलेल्या गावी जायचा आणि स्कीचे सगळे उतार पायी चालायचा. गवतातून, गाईंच्या शेणातून. खिशात पाव आणि डुकराच्या खारवलेल्या मांसाचा तुकडा. नकाशावर निळी रेघ म्हणजे सोपा उतार, लाल म्हणजे मध्यम, काळी म्हणजे माझ्यासारख्यांसाठी. ते शेंबड्या पोरालाही कळतं. पण बेर्टलचा त्या रंगांवर विश्वास नाही. निळा उतार शेवटच्या वळणावर एकदम खाली पडतो का, रोपवेतून उतरल्या उतरल्या घसरण आहे का, दमलेल्या माणसाला संध्याकाळी बसपर्यंत परत यायला दुसरी वाट आहे का, हे तो स्वतः उभा राहून बघायचा. आणि एक गोष्ट हवीच हवी: डोंगरावर अशी एक खानावळ, जिथं आमची क्लॅरिनेटवाली ओटिली गुडघेदुखी घेऊन रोपवेनं पोचेल आणि मी काळ्या उतारावरून पोचेन. साडेबाराला सगळे एका टेबलाशी. नसेल तर ते गाव बाद.

साडेबाराला! चांगल्या बर्फावर असताना घड्याळ बघत खानावळीत पळायचं. मी जायचो, करतो काय. तिथं ट्राउडी आधीच बसलेली असायची, गाल लाल, पुढ्यात साखर भुरभुरलेलं कुस्करलेलं धिरडं, आणि सांगत असायची, "आज दोनदा आले खाली, बेर्टल! दोनदा!" मला नाही, बेर्टलला. तो नुसता मान हलवायचा. मी सहा वेळा आलेलो असायचो, तेही काळ्यावरून. ते कोण विचारतो?

गेल्या वर्षी गावच्या खानावळीत बँडची नोव्हेंबरची सभा होती, तिथं मी उभा राहिलो. म्हटलं, बास झालं हे बालवाडीचं. एका मोठ्या गावाची माहितीच छापून नेली होती. दीडशे किलोमीटरचे उतार, अर्ध्याहून जास्त निळे. गावाचं नाव सांगत नाही, उगाच त्यांच्या पोटावर पाय कशाला? म्हटलं, "निळे मोजा! बेर्टलनं आजवर निवडलेल्या पाचही गावांत मिळून एवढे निळे नाहीत. घाबरणाऱ्यांचीही सोय, आमचीही सोय."

अध्यक्षांनी विचारलं, "बेर्टल, तुझं काय म्हणणं?"

बेर्टल म्हणाला, "तिथं मी अजून चाललेलो नाही."

"अरे, तिथं गोंडोला आहे, गोंडोला! बंद पाळण्यात बसून वर जायचं!" मी म्हणालो. "चालतो कशाला?" सगळी खानावळ हसली. ट्राउडी हसली नाही, ते मी पाहिलं. पण हात वर झाले तेव्हा माझ्या बाजूनं एकवीस होते. घरी येताना रस्ताभर मी शीळ घालत होतो.

जानेवारीत गेलो. पहिल्याच सकाळी मी ट्राउडीला म्हटलं, आज तू माझ्याबरोबर, सहा नंबरनं जाऊ, सगळ्यांत लांब निळा तोच आहे. ती आली. खरं सांगतो, गोंडोलात ती माझ्या शेजारी बसली होती आणि मला लग्नाच्या दिवसासारखं वाटत होतं. मागच्या गोंडोलात ओटिली आणि तिच्यासारखे आणखी नऊ जण. वाटलं, बघा, आता माझ्या मागनं येतायत.

सहा नंबर निळाच होता. उतार म्हणून काही नव्हताच. पण तो कड्याच्या पोटातून खोदलेला ट्रॅक्टरचा रस्ता होता, एवढासा अरुंद, आणि एका बाजूला जाळी, जाळीपलीकडं काहीच नाही. थेट खाली चर्चचा मनोरा. मी छपरावर वाढलेला माणूस, माझ्या ते लक्षातही आलं नाही. मी सरळ खालच्या वळणापर्यंत गेलो आणि मागं पाहिलं, तर ट्राउडी मध्येच बर्फावर बसलेली. मागून येणारी माणसं तिला वळसा घालून जात होती.

"ऊठ!" मी खालून ओरडलो. "ट्राउडी, ऊठ! लोक बघतायत!"

ती हलेना.

"अगं निळा आहे हा! निळा! नकाशात बघ!"

तिनं वाकून पायातल्या स्की काढल्या, खांद्यावर टाकल्या, आणि कड्याच्या भिंतीला घासत परत वर चालायला लागली. तिला बघून ओटिलीनंही काढल्या. मग रांगच लागली. अकरा माणसं स्की खांद्यावर घेऊन डोंगर चढतायत आणि मी खाली एकटा हात हलवतोय. माझी लाज निघाली ती निघालीच.

साडेबाराला खानावळीत बघितलं, कोणी नाही. खाली आलो तर वाहनतळावर आमच्या बसशी सगळे जमलेले. बेर्टलनं छोट्या शेगडीवर सूप गरम केलं होतं. ट्राउडी बसच्या पायरीवर बसून हसत होती. ते हसणं! घरात असं हसलेलं मला तरी आठवत नाही. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

तेवढ्यात ओटिली सूप फुंकत बोलून गेली, "ऑक्टोबरात येऊन गेलो असतो तर ही वेळच आली नसती."

"ऑक्टोबरात?" मी म्हणालो. "कोण आलो असतो?"

सगळे सूप प्यायला लागले. वाडग्यांतनं डोकी वर येईनात.

घरी गेल्यावर स्वयंपाकघरात विचारलं, तेव्हा ट्राउडीनं सांगितलं. बेर्टल ऑक्टोबरात एकटा जात नाही. ज्यांना ज्यांना भीती वाटते त्यांना बसमध्ये घालून नेतो. शेवटच्या रविवारी. ज्याला जिथं भीती वाटेल तिथं गवतावर त्याला उभं करतो, शेजारी आपण उभा राहतो, आणि त्याचे पाय कापायचे थांबेपर्यंत कोणी हलत नाही. मग पुढचा उतार. जिथं एखाद्याचेही पाय कापायचे थांबत नाहीत ते गाव बाद. गेली चौदा वर्षं.

"तू तर महिला मंडळाच्या सहलीला जातेस, त्या रविवारी."

"तसं मी सांगते. तू कधी विचारलंस, कुठं गेली होतीस म्हणून? तुझं त्या दिवशी नेमबाजी मंडळ असतं."

"गावात सगळ्यांना माहीत होतं?"

"सगळ्यांना नाही. तुला नको असं मात्र सगळ्यांचं ठरलं होतं."

"का?"

"तू हसतोस ना, फ्रीडल."

त्यावर मी भांडलो. काय काय बोललो ते इथं सांगत नाही. एवढंच म्हटलं असतं तर बरं झालं असतं की चौदा रविवार तू त्याच्या शेजारी उभी राहिलीस, आणि ते मला सोसत नाही. पण ते सोडून बाकी सगळं बोललो. कोंबड्यांवरूनही बोललो.

मार्च गेला, उन्हाळा गेला. मी छपरांवर असायचो आणि खालून शाळेची बस गेली की हातोडा बोटावर बसायचा. सहलीची जागा ठरवायचं काम परत बेर्टलकडं गेलं होतं, कोणी मला विचारलंही नाही. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी सकाळी मी बंदूक कपाटात ठेवली आणि चालायचे बूट काढले.

"तुझी मर्जी," ट्राउडी म्हणाली. "पण तिथं ज्याला भीती वाटते त्यालाच घेतात."

सातला चर्चसमोर बस उभी होती. दारात बेर्टल, हातात कागद नाही, काही नाही. चढताना प्रत्येकजण त्याला आपली भीती एका वाक्यात सांगत होता आणि आत जात होता. ओटिली म्हणाली, "रोपवेची खुर्ची मागून येऊन गुडघ्यावर आपटते, त्याची." बासरीवाला म्हणाला, "बर्फाची काच होते, त्याची." त्याच्यानंतर ट्राउडी. मी तिच्या मागं. तिनं पायरीवर पाय ठेवला.

"नेहमीचंच?" बेर्टलनं विचारलं.

"नेहमीचंच," ती म्हणाली आणि आत गेली.

माझी पाळी आली. आतून अकरा तोंडं माझ्याकडं बघत होती. उंचीची म्हणालो असतो तर गाव हसलं असतं. छपरं घालतो मी.

"तुझी," मी म्हणालो. "बेर्टल, मला तुझी भीती वाटते."

त्यानं माझ्याकडं बघितलं. हसला नाही. "मग पुढं बस," म्हणाला. "माझ्या शेजारी."

दोन तास मी त्याच्या शेजारी बसलो. स्टिअरिंगवरचे त्याचे जाड हात, जाकिटाचा कोंबड्यांसारखा वास. साल्झबुर्ग शहर मागं पडलं तेव्हा मला राहवलं नाही. हळू विचारलं, "नेहमीचंच म्हणजे काय?"

"तिलाच विचार की."

"तुला विचारतोय."

त्यानं एक वळण घेतलं, दुसरं घेतलं. मग रस्त्याकडं बघतच म्हणाला, "तू खालून ओरडतोस, त्याची."

"फक्त तेवढं?"

"पहिल्या वर्षापासून तेवढंच."

मी खिडकीबाहेर बघत बसलो. माझ्या बायकोला कशाची भीती वाटते हे मला या माणसानं सांगावं! आणि त्याला चौदा वर्षं माहीत असावं! मागून तिचा आवाज येत होता, ओटिलीशी काहीतरी बोलत होती, आणि मागं वळून बघायची माझी छाती झाली नाही.

गावात पोचलो. गवत ओलं होतं. एका लांब उताराखाली बेर्टलनं मला उभं केलं आणि म्हणाला, "इथंच थांब. काही झालं तरी बोलायचं नाही." बाकीचे आपापल्या जागी गेले. तो आणि ट्राउडी चढायला लागले. दोघं लहान होत होत वर गेले, मध्ये एकदा थांबले, मग अगदी वर जाऊन उभे राहिले. किती वेळ उभे होते कोण जाणे. मला घसा साफ करायचा होता, तोही मी केला नाही.

मग ती निघाली. आडवी, हळूहळू, पाय चाचपत. एका ठिकाणी घसरून गुडघ्यावर आली. "डावा पाय आधी!" हे माझ्या जिभेवर आलं होतं, दातांपर्यंत आलं होतं. गिळलं. ती बसल्या जागेवरून माझ्याकडं बघत राहिली, ओरडण्याची वाट बघत. मी उभा. ती उठली, गुडघ्याचं गवत झटकलं, आणि उरलेला उतार न थांबता उतरून माझ्यापर्यंत आली.

"अजून एकदा," ती म्हणाली, आणि परत वर गेली. बेर्टल वरच उभा होता. ती पोचली तेव्हा त्यानं हात पुढं केला. तिनं तो धरला नाही. तेवढं मी नीट बघून घेतलं.