वहिनीच्या मामांचं भूत

नाशिकमध्ये भुतं पुष्कळ असतील, पण घरी येऊन, चहात साखर कमी घालायला सांगून, स्वतःच्याच भुताच्या गोष्टी ऐकवणारा माणूस अख्ख्या जिल्ह्यात एकच, आणि तो म्हणजे माझ्या वहिनीचे मामा. अंबडच्या अलीकडे एक जुनी सूतगिरणी होती. पत्रे उडालेले, खिडक्यांतून पिंपळ उगवलेले. तिथे एका कामगाराचं भूत आहे, हे त्या बाजूला कोणीही सांगायचं. मशिनमध्ये सापडून तो जागीच गेला, त्या दुःखानं बायकोनं विहिरीत उडी घेतली आणि तेव्हापासून तो फाटकापाशी उभा राहून जाणाऱ्या-येणाऱ्याकडे तंबाखू मागतो, अशी ती गोष्ट. तो कामगार म्हणजे आमचे मामा.

खरं घडलं ते एवढंच. तरुणपणी मामा सायखेड्याहून त्या गिरणीत कामाला आले. एका दुपारी त्यांचा हात मशिनमध्ये गेला. रक्तबंबाळ मामांना जीपमध्ये घालून नेताना सगळ्यांनी पाहिलं. परत येताना कोणीच पाहिलं नाही. दोन बोटं गेली, बाकीचे मामा शाबूत राहिले. हात बरा होईपर्यंत ते सायखेड्याला आईजवळ राहिले, तेवढ्यात गिरणीला टाळं लागलं, कामगार चहूकडे पांगले आणि मामा लोकांच्या लेखी मेले ते मेलेच. पुढे पंचवटीत भाजीबाजारामागे त्यांनी बिऱ्हाड केलं, किराणा दुकानात नोकरी केली, पण मेल्याची बातमी मागे घ्यायला कोणाकडे जायचं हे काही त्यांना कळलं नाही. मामी होत्या तोवर या गोष्टीवर घरात हसून मुरकुंडी वळायची. "मला कशाला हो विहिरीत ढकललंत?" असं मामी विचारायच्या, आणि मामा तक्रार करायचे ती फक्त तंबाखूची. "जन्मात खाल्ली नाय मी तंबाखू. बदनामी हाय ही!"

मामी साध्या तापाचं निमित्त होऊन गेल्या. मूलबाळ नव्हतं. त्यानंतर मामांना एक नाद लागला. रिक्षात बसायचं, गिरणीवरून जायला सांगायचं आणि फाटक आलं की अगदी निरागसपणे विचारायचं, "का हो, हितं काय भूतबीत हाय म्हणतात?" मग रिक्षावाला रंगात येऊन सांगायचा आणि मामा मागे बसून "हां... मग?" करत स्वतःचं मरण ऐकायचे. एकाने भुताचे पाय उलटे असल्याचं सांगितलं तेव्हा मामांनी चप्पल काढून आपले पाय नीट पाहून घेतले म्हणे. कोणाच्या गोष्टीत ते देशस्थ ब्राह्मण असायचे, कोणाच्या गोष्टीत बिहारकडचे, आणि रिक्षात शेजारी बसलेल्या मालेगावच्या एका विणकराने तर त्यांना आपल्या मोहल्ल्यातले खानदानी कारागीर करून टाकलं होतं. "मेल्यावर सगळ्या जाती फिरून आलो बघा," मामा खूश होऊन सांगायचे. अमावास्येला फाटकाशी कोणी दहीभात आणि अंडं ठेवून जायचं, त्यावर मात्र त्यांचा आक्षेप होता. "अंडं डॉक्टरनं बंद केलंय मला. ठेवणाऱ्यानं विचारायला नको?" आम्ही पोट धरून हसायचो. ते उठून गेले की वहिनी म्हणायची, "आठवडाभर मामा दुसऱ्या कोणाशी बोलले असतील असं वाटत नाही."

मग गिरणीची जागा विकली गेली. तिथे फ्लॅट होणार होते आणि भुताच्या शेजारी फ्लॅट कोण घेणार, म्हणून बिल्डरने त्या भुताची शांत करायची ठरवली. बातमी मामांनीच आणली. "माझी शांत हाय रविवारी. येता का?" म्हणाले. मी गेलो. मामा इस्त्रीचा शर्ट घालून, केस चापून बसवून आले होते. मांडवात दहा-पाच माणसं, होमाचा धूर, गुरुजी पंचवटीतलेच. सगळं यथासांग चाललं होतं आणि गुरुजी थांबले. "मृताचं नाव सांगा."

बिल्डरच्या माणसाने इकडेतिकडे पाहिलं. कोणालाच ठाऊक नव्हतं. "गिरणीवाला म्हणा ना गुरुजी," तो म्हणाला. "सगळे तसंच म्हणतात."

माझ्या शेजारून मामा उठले. मी त्यांचा शर्ट ओढून कुजबुजलो, "अहो मामा, जिवंत माणसाचं असं करतात का!" त्यांनी माझा हात सोडवला, पुढे गेले आणि आपलं नाव सांगितलं, वडिलांच्या नावासकट, आडनावासकट. मीही ते पूर्ण नाव तेव्हाच पहिल्यांदा ऐकलं.

"आपले कोण हे?" गुरुजींनी विचारलं.

"जवळचे होते," मामा म्हणाले.

गुरुजींनी खणखणीत आवाजात नाव घेतलं. माणसांनी हात जोडले. मामांनीही जोडले, उरलेल्या बोटांनिशी. त्या नावाला गती मिळाली आणि आम्हाला बुंदीचे लाडू मिळाले.

परतीच्या बसमध्ये मामा खिडकीशी बसले होते. काहीतरी गमतीचं बोलतील म्हणून मी वाट पाहत होतो. द्वारका चौक ओलांडल्यावर ते म्हणाले, "लग्नात हिनं उखाण्यात घेतलं होतं माझं नाव. त्याच्यानंतर चार माणसांत कोणी आजच घेतलं."

मग त्यांनी लाडवाचा पुडा उघडून माझ्यापुढे धरला आणि पंचवटी येईपर्यंत आम्ही दोघं खात राहिलो.