हेड गॅस्केट उडालं, तरी भंडारदरा गाठलाच

भंडारदऱ्याला जायचं हे रेखाने ठरवलं, तेही कॅन्टीनमध्ये पोह्यांची बशी हातात असताना. नव्वदच्या दशकातली गोष्ट. आम्ही दोघी नगरला नागापूरच्या एमआयडीसीत इंजिनं जुळवणाऱ्या एका वर्कशॉपमध्ये कामाला होतो. ती असेंब्लीत, मी तपासणीत. दोघींनी मिळून एक जुनी पांढरी मोटार घेतली होती आणि सलग तीन दिवसांची सुट्टी समोर होती.

"एसटीने सगळेच जातात गं," रेखा म्हणाली. "आपण आपल्या गाडीने जाऊ."

बाबांना हे अजिबात पसंत नव्हतं. दोन मुली, एवढा लांबचा रस्ता आणि शेवटी घाट. ते रागावले नाहीत, पण आवाज थंड करून म्हणाले, "मला टेम्पो घेऊन तुम्हाला ओढून आणावं लागलं, तर त्याच दिवशी ती गाडी विकायची. कबूल?"

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

नगरहून पहाटे निघालो. राहुरी, कोल्हार, लोणी, संगमनेर, अकोले, राजूर असा रस्ता. आता तो बराच सुधारलाय, तेव्हा अरुंद होता आणि त्यात कारखान्यांचा हंगाम ऐन भरात. उसाने भरलेल्या ट्रॉल्यांच्या मागे दुसऱ्या गिअरमध्ये रांगत जायचं, जागा मिळाली की पुढे काढायची, की पुन्हा पुढची ट्रॉली. पाचट उडून काचेवर येत होतं. हंगामात जाणार असाल तर उजाडायच्या आत कोल्हार मागे पडेल असं निघा. संगमनेरच्या स्टँडसमोर मिसळ खाल्ली. डोळ्यांतून पाणी आलं, तरी रेखाने पुन्हा रस्सा मागितला.

अकोले सोडलं तसे डोंगर जवळ आले. डाव्या हाताला प्रवरा मधूनच दिसायची. मी गाडी चालवत होते. विठा घाट अजून सुरूही झाला नव्हता, तोच टेम्परेचरचा काटा उभा राहिला आणि लाल पट्ट्यात गेला. गाडीचा दम गेला, इंजिन अडखळायला लागलं. आरशात पाहिलं तर मागे पांढऱ्या वाफेचा लोट.

"बंद कर!" रेखा ओरडली.

गाडी एका शेताच्या बांधाला लागली. इथे एक सांगून ठेवते. अशा वेळी रेडिएटरचं झाकण उघडू नका आणि तापलेल्या इंजिनावर गार पाणी ओतू नका. पहिल्याने तोंड भाजेल, दुसऱ्याने इंजिनाला तडा जाईल. आम्ही वाट बघत बसलो. गार झाल्यावर रेखाने ऑइलची काडी ओढून पाहिली. ऑइल दुधाळ चहासारखं झालं होतं.

"गॅस्केट," ती म्हणाली. मीही तेच म्हणणार होते.

इंजिनाचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामध्ये एक पातळ पट्टी दाबून बसवलेली असते, ते हेड गॅस्केट. आतली आग, पाणी आणि ऑइल या तिघांना ती एकमेकांपासून लांब ठेवते. इंजिन फार तापलं की हेड किंचित वाकतं, पट्टी जळते आणि तिघांची सरमिसळ होते. इंजिन का तापलं, तेही बॉनेट उघडताच दिसलं. रेडिएटरच्या जाळीत पाचटाचा थर गच्च बसला होता. वारा आत जाणार कुठून? पंख्याचा पट्टाही सैल पडला होता.

शेतातून एक बाई पदर खोचत आल्या. हौसाबाई. मालक हंगामापुरते कारखान्यावर, त्यामुळे शेत आणि मोटार पंप त्याच बघायच्या.

"कुनी मानूस न्हाई का तुमच्या संगं?"

"नाही मावशी. आम्हीच दोघी."

"मग आता कसं करायचं?"

"इथंच दुरुस्त करतो. तुमच्या अंगणात जागा द्याल का?"

त्यांनी आमच्याकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं आणि मागून धक्का मारायला लागल्या.

मिळाली ती जीप पकडून मी घाटापलीकडच्या राजूरला गेले आणि तिथल्या एसटीडी बूथवरून घरी फोन केला. खोटं बोलायचं मनात आलं, पण सरळ सांगितलं.

"पत्ता सांग, टेम्पो बघतो," बाबा म्हणाले.

"बाबा, आम्ही दुरुस्त करतोय. परवा संध्याकाळपर्यंत थांबा."

मीटर पळत होतं. "परवा अंधार पडेपर्यंत," ते म्हणाले. "मग मी निघणार. पुढचं तुला माहीत आहे."

रेखाची पान्यांची पेटी डिकीत होतीच; संध्याकाळपर्यंत आम्ही हेड उतरवलं. पाणी काढलं, बॅटरी सोडली, कार्बोरेटर बाजूला केला. व्हॉल्व्ह हलवणारे वरचे रॉड ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने रेखाने पुठ्ठ्याला भोकं पाडून खोवले. हेडचे बोल्ट कडेपासून मध्याकडे, थोडे थोडे सैल केले. एकच बोल्ट एकदम सोडला तर हेड आणखी वाकतं. गॅस्केट निघालं तेव्हा मधल्या दोन सिलिंडरांच्या बेचक्यात ते जळून काळं पडलेलं होतं. हौसाबाई वाकून बघत होत्या. "एवढुश्या पत्र्यानं एवढी गाडी अडिवली?" म्हणून हसल्या. रात्री त्यांनी बाजरीची भाकरी आणि लसणाची चटणी वाढली. ओसरीवर अंथरूण टाकून आम्ही मेल्यासारख्या झोपलो.

दुसऱ्या दिवशी मी ॲल्युमिनियमचं ते हेड गोणपाटात बांधून संगमनेरच्या एसटीत चढले.

"ह्यात काय हाय?" कंडक्टरने विचारलं.

"इंजिनाचं डोकं."

"पूर्ण तिकीट का अर्धं?" अख्खी गाडी हसली. त्याने तिकीट मात्र माझं एकटीचंच फाडलं.

संगमनेरला मशीन शॉपवाल्या दादांनी मशीनवर एक हात मारून, म्हणजे किंचित घासून, हेड सपाट केलं. मी पोलादी पट्टी आडवी धरून खालून फीलर गेजची, फट मोजायची पातळ पाती सरकवली. ती एका कोपऱ्यात आत गेली.

"चालतंय की एवढं," दादा म्हणाले.

"घाट चढायचाय दादा. अजून एक हात मारा ना."

त्यांनी स्वतः पाती घालून पाहिली, मान हलवली आणि हेड पुन्हा मशीनवर चढवलं. पुढच्या वेळी पाती कुठेच शिरली नाही. नवं गॅस्केट आणि ऑइल घेऊन मी परतीची एसटी पकडली. या सगळ्याला जेवढे पैसे लागले, तेवढ्यात भंडारदऱ्याला विश्रामगृहात दोन दिवस आरामात काढता आले असते.

मी पोचले तेव्हा रेखाने जाळीतलं पाचट उपसून काढलं होतं आणि ब्लॉकचा माथा घासून लख्ख केला होता. वीज आल्याबरोबर हौसाबाईंनी पंप सुरू केला आणि पंपाचा पाइप रेडिएटरच्या खालच्या तोंडाला धरला. उलट्या बाजूने पाणी शिरलं आणि वरून तांबडा गाळ भसाभसा बाहेर पडला. "बया!" त्या म्हणाल्या. "हे तर पाट साफ केल्यावानी झालं!"

बोल्ट आवळताना उलटा क्रम, मधून कडेला. तीन फेऱ्यांत, प्रत्येक फेरीला थोडं जास्त. हवा तेवढा जोर लागला की रेखाचा टॉर्क पाना प्रत्येक बोल्टला 'टक' करायचा आणि तो आवाज आला की मी पुढच्यावर बोट ठेवायचे. पंख्याचा पट्टा ताणून बसवला. ऑइल भरून, व्हॉल्व्हचं अंतर लावून होईपर्यंत उजेड गेला, म्हणून चावी सकाळी फिरवायची ठरलं.

सकाळी रेखाने चावी फिरवली. पहिल्यांदा नुसतं घरघरलं. दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्यांदा इंजिन सुरू झालं आणि सुरूच राहिलं. रेडिएटरमध्ये एक बुडबुडा नाही, मागे पांढरा धूर नाही. इंजिन तापवलं, पूर्ण गार होऊ दिलं, बोल्ट पुन्हा तपासले. काडीवर ऑइल मधासारखं स्वच्छ.

आता खरा प्रश्न होता. उजवीकडे वळलं की नगर, सपाट रस्ता, उजेडात घर. डावीकडे विठा घाट. घाटात पुन्हा बिघडली तर बाबा, टेम्पो आणि गाडीची विक्री.

रेखाने चावी माझ्या हातात ठेवली. गाडी दोघींची होती, पण शब्द मी दिला होता.

"डावीकडे," मी म्हटलं.

"मग मला बी घ्या," हौसाबाई म्हणाल्या. "माज्या दारात दुरुस्त झालीया. चढती का न्हाई, बघायला नगं?"

त्या मागे बसल्या, दार घट्ट धरून. पहिलं वळण, दुसरं. काटा मध्यावर. रेखाची नजर काट्यावर, माझी रस्त्यावर. समोर लाकडांनी भरलेला ट्रक कण्हत चालला होता. त्याच्या मागे राहिले असते तर पुन्हा तेच रांगणं. हॉर्न दिला, गिअर टाकला आणि पुढे काढली. घाटमाथा आला आणि काटा जागचा हलला नव्हता. हौसाबाईंनी खिडकीतून डोकं बाहेर काढून ट्रकवाल्याला आरोळी ठोकली, "पोरींनी चढिवली रं गाडी!"

राजूरला कंदी पेढे घेतले. तुम्हीही चुकवू नका. भंडारदऱ्याला पोचलो तेव्हा धरणाचं पाणी निळंशार, पलीकडे रतनगड, उन्हात गार वारा. लग्न झाल्यापासून दहा कोसांच्या आत राहणाऱ्या हौसाबाई धरणावर पहिल्यांदा आल्या होत्या. बराच वेळ पाण्याकडे बघत उभ्या राहिल्या. "आमच्या पंपाचं पानी हितून येतंय व्हय?" म्हणाल्या आणि पेढा तोंडात टाकला. आम्ही तिथे तासभर बसलो असू. ठरवलेल्या मुक्कामातला एवढाच भंडारदरा वाट्याला आला, पण मी नंतर पाहिलेल्या कुठल्याही जागेशी त्याची अदलाबदल करणार नाही.

हौसाबाईंना दारात सोडलं आणि न थांबता नगर गाठलं. गल्लीत वळलो तेव्हा दिवे नुकते लागत होते. बाबा फाटकात उभे होते, पायांत चपला, खांद्यावर पिशवी.

ते गाडीभोवती एक चक्कर मारून आले. "बॉनेट उघड."

मी उघडलं. त्यांना आतलं फारसं कळत नव्हतं, तरी ते वाकून बघत राहिले. "नक्की काय काय केलंत?" त्यांनी विचारलं. आम्ही दोघी एकमेकींना अडवत सांगायला लागलो, ऑइलने काळे झालेले हात नाचवत. शेवटी बाबांनी बॉनेट स्वतःच्या हाताने लावलं आणि पुढचं दार उघडून आत बसले.

"चहा नंतर," ते म्हणाले. "आधी मला स्टेशनपर्यंत एक चक्कर मारून आण."