जुन्या नकाशाची गाडी

समुद्राने नेलेल्या घराचा पत्ता बरोबर म्हणायचा की चूक? पत्ता म्हणजे जमिनीवरची जागा असेल, तर तो अजून बरोबर आहे. पत्ता म्हणजे दार उघडणारे माणूस असेल, तर तो केव्हाच चुकला. प्रस्तुत लेखकाला या प्रश्नाचे उत्तर देता आलेले नाही. ज्यांच्यामुळे तो मनात आला त्या शैलजाबाई मात्र उत्तराच्या फंदात पडल्या नाहीत. त्यांनी एक भाड्याची गाडी निवडली. ही हकीकत त्या निवडीची आहे.

शैलजाबाई तोक्योच्या पूर्वेला, ग्योतोकुला राहतात. सकाळी सायकलने स्टेशन गाठायचे, तिथून गाडीने एदोगावातल्या भारतीय बालवाडीत शिकवायला जायचे, येताना कोंबिनीतून, म्हणजे कोपऱ्यावरच्या सदा उघड्या दुकानातून, दूध घ्यायचे, वार पाहून त्या-त्या कचऱ्याची पिशवी खाली ठेवायची, असा त्यांचा शिस्तीचा दिनक्रम. परंतु जपानमधले त्यांचे पहिले घर हे नव्हे. लग्न होऊन १९९१ साली त्या सांगलीहून आल्या त्या थेट ईशान्येकडच्या किनाऱ्यावर, कामोउरा नावाच्या लहानशा गावात. पती विनायकराव तिथल्या संशोधन केंद्रात समुद्री शेवाळावर पीएच.डी. करत होते. किकुची-ओबासान नावाच्या विधवा बाईंच्या घरातल्या मागच्या दोन खोल्या त्यांनी भाड्याने घेतल्या. ओबासान म्हणजे मावशी. त्या मावशी अंगणातल्या दोरीवर समुद्रातले शेवाळ वाळत घालत, आणि नव्या नवरीला शेजारी बसवून, एकही समान शब्द नसताना, तासन्तास बोलत.

त्या घरात शैलजाबाईंना एक रीत मात्र शिकवावी लागली नाही. घरातून निघताना जपानी माणूस ‘इत्तेकिमासु’ म्हणतो, म्हणजे जाऊन येतो. परतल्यावर दारात पायताण काढतानाच ‘तादाइमा’ म्हणतो, म्हणजे आलो हो. आणि आतून ‘ओकाएरी’ असे स्वागत येते. ‘जाते’ म्हणायचे नाही, ‘येते’ म्हणायचे, हे सांगलीच्या उंबऱ्यावर आईने पढवलेच होते. पुढे विनायकरावांना तोक्योजवळ नोकरी लागली आणि निघायची वेळ आली, तेव्हा शैलजाबाईंच्या तोंडून ‘सायोनारा’, म्हणजे कायमचा निरोप, निघू लागला. मावशींनी हात हलवून तो अर्ध्यावरच थांबवला. मग त्या ‘इत्तेकिमासु’ म्हणाल्या आणि टॅक्सीत बसल्या.

त्यानंतर दर नववर्षाला फोन होत राहिला. भेटीला जाणे मात्र पुढच्या वर्षावर पडत गेले. मग २०११चा मार्च आला, भूकंप आणि त्सुनामी घेऊन. मावशींचा मुलगा कोबेला असे. त्याने बऱ्याच दिवसांनी फोन करून सांगितले की आई सापडली नाही आणि घराचा चौथराही उरला नाही.

शैलजाबाई रडल्या, सावरल्या, बालवाडीत जाऊ लागल्या. परंतु एक गोष्ट मनातून हलेना. येते म्हणून आपण त्या घरातून निघालो, आणि ते येणे राहून गेले. ‘तादाइमा’ म्हणायचे तर ते त्याच दारात म्हणायला हवे. चार घरे पलीकडे उभे राहून कसे चालेल? आणि दार कुठे होते हे आता सांगणार कोण? वस्ती सपाट झाली होती, ढिगारे उपसताना गल्ल्याही पुसल्या गेल्या होत्या.

“शैलजा, तिथे नुसती माती आहे,” विनायकराव म्हणत. “कुठे उभी राहणार आहेस तू?”

या ‘कुठे’पाशी त्या तीन वर्षे अडून राहिल्या.

२०१४च्या एप्रिलमध्ये त्यांचा धाकटा भाऊ मोरेश्वर पत्नी दमयंतीसह पुण्याहून आला. येताना त्याने आंतरराष्ट्रीय वाहनपरवाना आणला होता, आणि जो पुण्यात गाडी चालवतो तो त्रिभुवनात चालवू शकतो हा विश्वासही. शैलजाबाईंना गाडी चालवता येत नव्हती, आणि कामोउराची रेल्वे भूकंपापासून बंदच होती. त्यांनी भावापाशी शब्द टाकला. मोरेश्वरने आठवडाभर फोनवर भाड्याच्या गाड्यांचे दर ताडून पाहिले आणि तिघे रेल्वेने ईशान्येकडच्या सेंदाई शहरात उतरल्यावर स्टेशनासमोरचे चकचकीत दुकान ओलांडून दोघींना मागच्या रस्त्यावर नेले. वापरलेल्या गाड्या स्वस्तात भाड्याने देणारे ते दुकान ओनोदेरा-सान नावाच्या प्रौढ बाई सांभाळत होत्या. आवारात दोनच गाड्या उभ्या होत्या: एक नवी, चंदेरी, दुसरी पिवळ्या नंबरपाटीची, फिकट हिरवी, पत्र्याच्या खेळण्याएवढी.

“हिरवी बरीच स्वस्त आहे,” शैलजाबाईंनी ऐकून सांगितले. “पण तिच्यातला रस्ता दाखवणारा नकाशा भूकंपाच्या आधीचा आहे. किनाऱ्याकडे जाणार असाल तर घेऊ नका म्हणतायत.”

“नकाशा जुना? मग भाडं आणखी कमी करायला सांग.”

“अरे, इथे घासाघीस करत नाहीत.”

“विचारायला काय जातं, ताई?”

“वन्सं, विचारून टाकाच,” दमयंती म्हणाली. “नाहीतर पुण्याला पोचेपर्यंत हे त्या बाईंच्या नावाने बोटं मोडतील.”

शैलजाबाईंनी लाजत विचारले. ओनोदेरा-सान कमरेत वाकल्या आणि नकाशा जुना असल्याबद्दल त्यांनी मनापासून क्षमा मागितली. मोरेश्वरही आनंदाने वाकला. ही क्षमा म्हणजेच नकार, हे त्याला बऱ्याच वेळाने कळले.

“मग नवीच घेऊ,” तो तोंड पाडून म्हणाला. “परक्या मुलखात उगाच विषाची परीक्षा नको.”

जपानात गाडीला ठिकाण सांगायचे ते बहुधा तिथला फोन नंबर देऊन. शैलजाबाई नव्या गाडीत बसल्या आणि त्यांनी पडद्यावर मावशींचा नंबर दाबला. नोंद नाही, असे उत्तर आले. त्या उतरल्या, हिरव्या गाडीत जाऊन बसल्या, आणि तोच नंबर दाबला. गाडीने आडनाव विचारले. त्यांनी ‘किकुची’ लिहिले. पडदा क्षणभर काळा झाला. मग त्यावर एक किनारा उगवला, देऊळ, देवळामागची गल्ली, पोस्ट, आणि गल्लीच्या टोकाला, पाण्याच्या कडेशी, एक लहानसे लाल निशाण.

“ही घेऊ,” शैलजाबाई म्हणाल्या.

“अगं, आत्ताच नको म्हणाल्या ना त्या!”

“स्वस्त आहे.”

“तू कधीपासून स्वस्त-महाग बघायला लागलीस?”

“तुझीच बहीण आहे.”

दमयंतीने खिडकीतून पडद्याकडे पाहिले, मग नणंदेच्या चेहऱ्याकडे. “अहो, हीच घ्या,” ती नवऱ्याला म्हणाली, आणि मागच्या सीटवर जाऊन बसलीसुद्धा.

ओनोदेरा-सान कागदावर सही घ्यायला आल्या तेव्हा त्यांचीही नजर निशाणाकडे गेली. त्यांनी पत्ता वाचला. खिशातून फडके काढून पडदा पुसला आणि म्हणाल्या, “रस्ता संपेल तिथे थांबा. रस्ता सांगणारी आतली बाई थांबणार नाही.”

शहर मागे पडले, डोंगर उतरले, आणि दुपारच्या धुक्यात किनारा पसरला. ‘पेट्रोलपंपापाशी डावीकडे वळा,’ आतला आवाज म्हणाला. पंप नव्हता, गुडघाभर गवत होते आणि दूर मातीच्या डोंगरांवर पिवळी यंत्रे मान हलवत होती. पडद्यावर मात्र गाव शाबूत होते. घरांच्या दाट रांगांमधून बाणाएवढी गाडी सावकाश चालली होती, आणि काचेबाहेर त्याच वेळी काहीच नव्हते. शैलजाबाई कधी आत पाहत, कधी बाहेर. थोड्या वेळाने त्यांना दोन्हींतला फरक जाणवेनासा झाला.

“हे पोस्ट,” त्या गवताकडे बोट दाखवत म्हणाल्या. “हे तोफूचं दुकान. म्हातारा पहाटे उठायचा, वाफेने खिडक्या पांढऱ्या व्हायच्या. मोरू, हळू. शाळा सुटायची वेळ आहे.”

मोरेश्वरने एरवी टोमणा मारला असता. त्याने वेग कमी केला.

पुढे डांबर संपले आणि मालमोटारींनी दाबलेली खडीची वाट लागली. निशाण अजून पुढे होते. शैलजाबाई उतरून चालू लागल्या. परंतु पडदा गाडीतच राहिला होता. तेव्हा मोरेश्वरने काच खाली केली आणि माणसाच्या चालीने गाडी त्यांच्या मागे सोडली. एक डोळा पडद्यावर, एक बहिणीवर.

“अजून पुढे, ताई. थोडं उजवीकडे. अगं, उजवीकडे! तू आत्ता कुणाच्या तरी न्हाणीघरात आहेस. हां... पुढे... बास!”

‘आपण ठिकाणाजवळ पोहोचलो आहोत,’ आवाज म्हणाला. ‘मार्गदर्शन समाप्त.’

शैलजाबाईंनी डोंगराकडे पाठ केली आणि समुद्राकडे तोंड केले, कारण दारातून शिरताना समुद्र समोर असे. त्यांनी बूट काढले, टाचा जुळवून, टोके बाहेरच्या बाजूला करून ठेवले. मग हलक्या, घरच्या आवाजात त्या म्हणाल्या, “तादाइमा.”

गवत वाऱ्याने झुकले. गाडीचे इंजिन बंद झाले. आतून कोणी काही म्हणाले नाही, आणि शैलजाबाई ते ऐकत पुष्कळ वेळ तशाच उभ्या राहिल्या.

मागून दमयंती आली. तिने आपल्या चपला काढून त्या बुटांशेजारी ठेवल्या.

“वन्सं, स्वयंपाकघर कुठल्या बाजूला होतं?”

शैलजाबाईंनी डोळे पुसले. “ये, दाखवते. इथे पायरी आहे, जरा उंच आहे. सांभाळ.”

दमयंती पाय उचलून आत आली. दोघी गवतातून एका खोलीतून दुसऱ्या खोलीत गेल्या, शेवाळाच्या दोरीपाशी वाकल्या, मावशींच्या चहाच्या जागी टेकल्या. मोरेश्वर बाहेर किल्ली हातात घेऊन उभा होता. त्याने आपल्या पायांकडे पाहिले, बूट काढले, आणि तोही ती उंच पायरी चढून आत गेला.

२०१७ साली कामोउराची सगळी जमीन भराव घालून उंच करण्यात आली. तिथे घरे बांधायला परवानगी नाही.