पाहिल्याशिवाय केलेली सही

सासऱ्यांना मी मामाजी म्हणायचे. जबलपूरच्या मराठी घरांत नागपूरकडची ही रीत अजून आहे. मामाजी राजकारणातले होते. फार मोठे नव्हेत. दोनदा पार्षद झाले, म्हणजे तुमच्याकडचे नगरसेवक, आणि एकदा विधानसभेला पडले. पण आवाज असा की आमच्या शहरातल्याच गोरखपूर मोहल्ल्याच्या बाजारात माइक बंद पडला तरी सभा चालूच राहायची. धर्म, शिस्त, गाय, दारूबंदी हे सगळं त्यांच्या भाषणात ठरल्या क्रमानं यायचं. मला ते भाषण पाठ होतं, कारण आदल्या दिवशी ते घरात म्हणून पाहायचे आणि मी तेव्हा पोळ्या लाटत असायची.

गांजावर बंदी आणणारा नवा कायदा आला तेव्हा आमच्या बैठकीत दोन रविवार त्याच विषयावर गेले. त्याआधी गांजा ठेक्याच्या दुकानात मिळायचा, भांगेच्या शेजारी, सरकारी परवान्यानं. कायद्यानं गांजा गेला, भांग राहिली. मामाजींचे एक जुने सहकारी मंदिराच्या ट्रस्टवर होते. ते भडकले होते. त्यांचं म्हणणं, साधूच्या चिलमीत हात घालणारं हे सरकार कोण? आपले बापजादे काय नशेबाज होते? मामाजी म्हणायचे, चिलीम साधूकडे राहिली असती तर प्रश्नच नव्हता, ती आता कॉलेजच्या पोरांकडे आली आहे. शासनानं कठोर झालंच पाहिजे.

मी चहा घेऊन गेले आणि राहवलं नाही म्हणून म्हटलं, "मामाजी, शिवरात्रीला तुमचा भांगेचा लोटा कुठून येतो मग?"

"ठेक्यावरून येतो. कायदेशीर असते ती."

"म्हणजे सरकारनं सोडली तो प्रसाद, आणि सरकारनं धरला ती नशा. अच्छा है."

ते हसले. मला बोलू द्यायचे, हा त्यांचा मोठा गुण. दुसऱ्या घरात असते तर माझ्या या जिभेपायी मी केव्हाच माहेरी बसले असते.

पण त्या कायद्यातलं एक कलम त्यांच्या घशाखाली उतरत नव्हतं. दिवसाउजेडी वॉरंटाशिवाय घरात शिरून झडती घेता येते, असं ते होतं. आणीबाणीत ते एकोणीस महिने तुरुंगात होते, तेव्हापासून पोलिसांच्या जीपचा आवाज आला की हातातलं वर्तमानपत्र खाली ठेवायचे. ते कलम त्यांनी मला वाचून दाखवलं आणि म्हणाले, "राखणदार ठेवावा सूनबाई, पण तिजोरीची किल्ली त्याच्या कमरेला बांधू नये."

"मग सभेत काहून नाही सांगत हे?"

"सभेत अर्धंच बोलायचं असतं."

मला राग आला होता. अर्धं बोलणाऱ्या माणसांचा मला फार राग. तेव्हा हे ठाऊक नव्हतं की मी स्वतः त्याहून वाईट काहीतरी करणार आहे.

मी सरकारी शाळेत शिक्षिका होते. नेमणूक कुंडमच्याही पलीकडे, जंगलाच्या कडेच्या एका गावात. गावाचं नाव सांगत नाही, सांगून आता कुणाचं भलं होणार नाही. सोमवारी पहाटेच्या बसनं जायचं, आठवडाभर एका खोलीत राहायचं, शनिवारी अर्धी शाळा झाली की दुपारच्या एकमेव बसनं घरी. अशा गावात शिकलेली माणसं बोटांवर मोजण्याइतकी. म्हणून सगळे कागद माझ्याकडे यायचे. जन्माचे दाखले, रेशनचे अर्ज, कुणाच्या म्हशीच्या कर्जाचा फॉर्म. मी सह्या ठोकत जायची. वाचत बसले असते तर शिकवलं केव्हा असतं? आणि खरं सांगायचं तर मला ते आवडायचं. बहनजींची सही आहे म्हटलं की समोरचा बाबू गप्प बसायचा.

नवा कायदा येऊन दोन-अडीच वर्षं झाली असतील. एका शनिवारी शाळा सुटता सुटता एक दरोगाजी, म्हणजे फौजदार, मोटारसायकलवरून आले. फार अदबीनं बोलले. पलीकडच्या टोल्यात, म्हणजे पाड्यावर, एका बाईच्या घरी गांजा सापडलाय, धान्याच्या कोठीत, अडीच किलो. कायद्याला प्रतिष्ठित साक्षीदार लागतो, आणि इथं प्रतिष्ठित म्हणजे तुम्हीच. "बहनजी, दो मिनट का काम है. आपको वहाँ तक कष्ट नहीं देंगे."

तीन कागद होते. एकावर अर्धं पान लिहिलेलं, दोन कोरे. शिवाय पुडक्यांवर चिकटवायच्या दोन चिठ्ठ्या. माझी पिशवी भरलेली, छत्री हातात. बस चुकली असती तर पुढच्या शनिवारपर्यंत तिथंच, आणि घरी मुलगा तापानं पडलेला. मी पाचही ठिकाणी सही केली. प्रतिष्ठित हा शब्दही कानाला गोड लागला होता, खोटं काहून बोलू. बसमध्ये खिडकीची जागा मिळाली आणि ते प्रकरण मी विसरले.

ती बाई कोण, हे मला सोमवारी कळलं. साठीची विधवा, मोहाची फुलं आणि तेंदूपत्ता गोळा करून जगणारी. तिला धरून नेलं होतं. हेडमास्तर म्हणाले, कायदा आपलं काम करेल. मीही तेच म्हटलं आणि फळ्यावर तारीख लिहिली.

समन्स आलं ते पुढे दोन वर्षांहून जास्त काळानं, जबलपूरच्या कोर्टाचं. साक्षीच्या तारखेआधी आठ दिवस सरकारी वकिलांच्या कारकुनानं मला बोलावून पंचनामा वाचायला दिला, साक्षीत चूक होऊ नये म्हणून. पहिल्यांदाच मी तो वाचला. त्यात लिहिलं होतं की मी त्या घरात हजर होते. माझ्या समोर कोठीचं झाकण काढलं. माझ्या समोर वजन केलं. मी पुडीचा वास घेऊन गांजा ओळखला. खाली माझी सही, वळणदार, मुलांना सुलेखन शिकवते तशी. आणि त्या कारकुनानं सहज सांगितलं की म्हातारी अजून आतच आहे. जामिनाला कुणी उभंच राहिलं नाही.

दोन वर्षं एक म्हातारी तुरुंगात, आणि मी दर शनिवारी त्याच तुरुंगाच्या भिंतीजवळून बसनं घरी येऊन राहिले.

घरी आल्यावर नवऱ्याला सांगितलं. ते फॅक्टरीत होते, भांडणतंट्यापासून दहा हात दूर राहणारा स्वभाव. म्हणाले, "पाहिलं म्हणून सांगून टाक. सगळेच तसं सांगतात. कोर्टात उलटलीस तर फितूर म्हणतील, नोकरीवर येईल." ते माझ्या काळजीनंच बोलत होते, पण मी दोन दिवस त्यांच्याशी धड बोलले नाही.

मामाजींना सांगायची हिंमत होत नव्हती. त्या महिन्यात त्यांच्या पक्षाची नशाविरोधी मोहीम चालली होती, कांचघरपासून गोरखपूरपर्यंत सभा. निवडणूक जवळ आलेली, तिकिटाचं बोलणं सुरू. शेवटी एका सकाळी ते दाढी करत असताना सगळं ओकून टाकलं. बस, छत्री, कोरे कागद, सगळं.

त्यांनी अर्धी दाढी तशीच ठेवली आणि माझ्याकडे वळले. "तू गेलीच नव्हतीस?"

"नाही."

"शिकलेली बाई तू. माझ्या घरातली." आवाज चढला नव्हता, त्यामुळे जास्त लागलं. मग पाण्यात वस्तरा बुडवत ते म्हणाले, "मला धरलं तेव्हा पंचनाम्यावर आपल्या गल्लीतल्या पोस्टातल्या बाबूची सही होती. स्वयंपाकघरातून पत्रकं सापडली, असं त्यात होतं. तो बिचारा बाहेर सायकलला टेकून उभा होता. आत आलाच नाही."

"म्हणजे पत्रकं नव्हतीच?"

"होती ना. माळ्यावर होती, दोन गठ्ठे. सापडली मात्र नाहीत." इतक्या गंभीर प्रसंगीही त्यांना हसू आलं, आणि मलाही. मग ते म्हणाले, "मी कायदा मोडला होता, ते कबूल. पण त्यानं जे पाहिलं नाही ते पाहिलं म्हणून लिहून दिलं. उद्या माळ्यावर काही नसतं तरी त्यानं सही केलीच असती."

"मग मी काय करू? तुम्हीच सभेत ओरडता, कठोर कायदा हवा."

"हवाच. अजून कठोर हवा. म्हणूनच कागद खरा पाहिजे. कोर्टात जा आणि जे झालं ते सांग."

संध्याकाळी त्यांच्या पक्षाचा एक तरुण पदाधिकारी आला. बातमी कशी फुटली कोण जाणे. बैठकीतलं बोलणं मला आत ऐकू येत होतं. "दादा, हमारी ही मुहिम, और हमारी ही बहू गाँजेवाली को छुड़ाए? लोग क्या कहेंगे?" मामाजींनी त्याच्यापुढे चहा सरकवला. मग म्हणाले, "जिस दिन तुमको उठा ले जाएँगे ना भैया, उस दिन मैं ये नहीं पूछूँगा कि लोग क्या कहेंगे." तो चहा न घेता गेला. त्या वेळी तिकीट दुसऱ्याला मिळालं. कारण कुणी सांगितलं नाही, त्यांनीही विचारलं नाही. गांजाबद्दलचं त्यांचं मत मात्र मरेपर्यंत बदललं नाही. पुढच्या सभांत त्या झडतीच्या कलमाबद्दलही ते बोलू लागले. टाळ्या कमी पडायच्या तिथे.

साक्षीच्या दिवशी ते माझ्यासोबत आले, मागच्या बाकावर टोपी मांडीवर घेऊन बसले. मी पिंजऱ्यात उभी राहून सांगितलं की मी त्या घरात कधीच गेले नाही, कागद शाळेत आणले होते, दोन कोरे होते. सरकारी वकील माझ्यावर खवळले. बस पकडायची म्हणून सही केली, हे वाक्य त्यांनी माझ्याकडून तीनदा वदवून घेतलं. तिन्ही वेळा मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. न्यायाधीशही फार प्रेमानं बोलले नाहीत, आणि त्यांचं बरोबर होतं. खात्याची नोटीस पुढे आलीच. ती मी निमूट सोसली.

महिन्याभरात निकाल लागला. दुसरा साक्षीदारही झडतीच्या वेळी तिथे नव्हता असं निघालं, आणि म्हातारी सुटली. मी निकाल ऐकायला रजा काढून गेले होते. मनात एक क्षुद्र समाधान होतं, आता कबूल करते. वाटलं, चूक केली होती ती धुऊन काढली. ती हात जोडेल, मी म्हणेन राहू द्या.

कोर्टाच्या व्हरांड्यात ती खांबाला टेकून जमिनीवर बसली होती. सुटकेचे कागद व्हायचे होते, एक महिला शिपाई शेजारी उभी होती. मी जवळ जाऊन म्हटलं, मी शाळेतली बहनजी. तिनं वर पाहिलं. राग दिसला नाही. तिनं हात जोडले नाहीत, शिव्याही दिल्या नाहीत.

"उस दिन मैं जंगल में थी," ती म्हणाली. "घर आई तो पुड़िया आँगन में रखी थी. थाने में बोले, बहनजी ने अपनी आँख से देखा है, कोठी से निकला. मैंने सोचा, बहनजी झूठ काहे को बोलेंगी. तो फिर लड़के ने ही छुपाया होगा."

तिचा एकच मुलगा. तुरुंगात भेटायला यायचा, सुरुवातीला दर महिन्याला. ती तोंड फिरवून बसायची. तो शपथा घ्यायचा, मैंने नहीं रखा अम्मा. ती म्हणायची, बहनजींनी सही केलीय. मग एके दिवशी त्यानं यायचं सोडलं. जमिनीचा तुकडा तसाच पडलेला. कुणी म्हणे नागपूरकडे विटांच्या भट्टीवर गेला, कुणी म्हणे आणखी लांब.

मी तिच्या शेजारी जमिनीवर बसले. तिनं माझं मनगट धरलं, हलकेच, शाळेतली पोरं काही विचारायचं असलं की धरतात तसं.

"अब तो छूट गई. अब सच बता दो बहनजी. कोठी में था, कि नहीं था?"

तिला वाटत होतं, अख्ख्या जगात हे मी एकटीच सांगू शकते. आणि मला माहीत नव्हतं. मी तिथे नव्हतेच. मी तसं तिला सांगितलं. तिला ते समजलं नाही असं वाटून पुन्हा सांगितलं. तिनं माझं मनगट सोडलं आणि शिपाईबाईला विचारलं, नागपूरची गाडी कुठून मिळते.