डोलकाठीला मांडवाची तार

भरतेश चौगुले सांगलीजवळचा द्राक्षबागायतदार. त्याच्या बागेत ढिली तार दाखवा आणि पेटीभर द्राक्षं न्या, असं लोक म्हणतात. मी वीस वर्षं त्याच्या शेजारी राहतो. द्राक्षं अजून विकतच खातो.

दोन वर्षांपूर्वी त्यानं कृष्णेतली एक जुनी नाव घेतली आणि तिला शीड लावलं. का, हे त्याच्या घरच्यांनीही विचारायचं सोडून दिलंय. डोलकाठी उभी राहावी म्हणून त्यानं आधी नायलॉनच्या दोऱ्या बांधल्या. वाऱ्यानं दोऱ्या लांबल्या, काठी आडवी झाली. मग बागेतली, द्राक्षवेलींच्या मांडवाची तार आणली, ती ताणायचे पेच म्हणजे टर्नबकल बसवले आणि बोटानं छेडल्यावर तार टणकन वाजेपर्यंत सवयीप्रमाणे पान्यानं पिळले. या खेपेला काठी पडली नाही. ती तळाची फळी फोडून खाली गेली आणि नदी वर आली.

वडील तात्यासाहेब काठावरच उभे होते.

"भरत्या, आता एकदा जरी काठी हालली, तर ह्या नावेची म्हशींना गव्हाण करणार बघ. चार म्हशी ऐसपैस खात्यात."

"आवं तात्या, तार तर पक्की हुती..."

"तार पक्कीच हाय. तू कच्चा हायस."

खरी चूक भरतेशच्या बायकोनं, चंदनबालानं, शेंगा सोलता सोलता सांगितली. "मांडवाच्या खांबाखाली रानाची घट्ट माती असतीया. तुमच्या काठीखाली बोटभर फळी. किती दाबताय तिला?"

दुसऱ्या दिवशी भरतेशनं फुटलेली फळी बदलली आणि जुन्या ट्रॉलीचा जाड पत्रा कापला. त्यावर पाइपाचा तुकडा उभा वेल्ड करून काठीला बूट केला आणि पत्रा नावेच्या तीन आडव्या वाशांवर बोल्टनं आवळला. भार फळीवरून वाशांवर गेला. तारा हातानं दाबल्या तर जराशा लवतील, एवढ्याच ताणल्या. ते करताना त्याचा चेहरा काढा प्याल्यासारखा झाला होता.

रविवारी चंदनबाला स्वतः भरतेशबरोबर नावेत बसली. तात्यासाहेब आणि मी काठावर. वारा आला, शीड फुगलं, नाव कलली. काठी करकरली, पण बुटातून तसूभर हलली नाही. तात्यासाहेबांनी कपाळावर हात धरून बराच वेळ पाहिलं आणि मग ते ओरडले, "भरत्या, पलीकडची तार ढिली पडलीया रं!"

वारा काठीला ज्या बाजूला लोटतो, तिकडची तार ढिली पडायचीच. भरतेशला ते पाठ होतं. तरी त्याचा हात बसायच्या फळीखाली चाचपायला लागला.

"पाना कुठं गेला?"

"घरी," चंदनबाला म्हणाली. "मीच काढून ठिवलाय. आवं, म्होरं बघा, काठ आला."